आधी पाणी बघू द्या, झाडं मग

प्रश्न: मुलुंड पूर्वेला आमची तीन विंगची, चार मजली जुनी सोसायटी आहे. मी सेक्रेटरी आहे. मागच्या मोकळ्या जागेचं काही चांगलं करावं म्हणून आम्ही एका तरुण लँडस्केप आर्किटेक्टला बोलावलं. ती येते, फिरते, वॉचमनशी आणि माळ्याशी बोलते, संध्याकाळी कट्ट्यावर बसून वहीत टिपत राहते. महिना झाला, आणि हातात काय, तर ट्रेसिंग पेपरवर निळे बाण आणि तपकिरी डाग. झाड एकही सुचवलेलं नाही. आता म्हणते, एक पावसाळा जाऊ द्या. शिवाय या पाहणीची वेगळी फी. दुसरीकडे एका नर्सरीवाल्यानं दोन दिवसांत रंगीत थ्रीडी चित्र आणून दिलं: हिरवीगार लॉन, पाम, पेव्हर ब्लॉकची वाट, जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीवर छोटा धबधबा. पावसाआधी सगळं करून देतो म्हणतो, फक्त मधला रेन ट्री काढावा लागेल, कारण लॉनला ऊन हवं. बी विंगच्या जिन्यापाशी दर जुलैत गुडघाभर पाणी साचतं. त्याचं विचारलं तर म्हणाला, तो ड्रेनेजचा विषय. चेअरमन काकांना चित्र पसंत आहे. रविवारी सभा आहे. त्या मुलीवर विश्वास ठेवून मी सोसायटीचा वेळ घालवतेय का?
– एक सेक्रेटरी, मुलुंड पूर्व

ताई, नमस्कार.

नाही, वेळ घालवत नाही आहात. त्या मुलीनं महिनाभर जे केलं तेच आम्हा लँडस्केप आर्किटेक्टच्या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि त्याची फी मागणं रास्त आहे. एका बाबतीत मात्र ती कमी पडली आहे, तेही सांगणार आहे.

आधी तो ट्रेसिंग पेपर. कमिटीला तो अर्धवट कागद वाटला असेल. आमच्याकडे असे कागद एकावर एक ठेवून वाचतात. १९६०च्या दशकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवणाऱ्या इयान मॅकहार्ग यांनी ही पद्धत रूढ केली. एका पारदर्शक कागदावर उतार, दुसऱ्यावर माती, तिसऱ्यावर पाणी, चौथ्यावर झाडी. मग सगळे एकमेकांवर ठेवायचे आणि कुठं हात लावणं घातक, कुठं चालण्यासारखं, ते छटांच्या गडद-फिकटपणावरून ठरवायचं. त्यांनी हे महामार्गांसाठी आणि मोठमोठ्या प्रदेशांसाठी केलं, आणि आता ते संगणकावर होतं. पण सोसायटीच्या मागच्या अंगणालाही ही रीत तितकीच लागू पडते. तुमच्या कागदावरचे निळे बाण बहुधा पावसाचं पाणी कुठून कुठं धावतं ते दाखवत असणार, आणि तपकिरी डाग मातीचे: भराव कुठं, मूळ जमीन कुठं. कागद काढा आणि बाणांची टोकं कुठं येतात ते बघा. ती बी विंगच्या जिन्याकडे वळत असतील, तर ज्या गुडघाभर पाण्याबद्दल तुम्ही नर्सरीवाल्याला विचारलंत, त्याचं उत्तर ती मुलगी तुम्ही न विचारता शोधते आहे.

या पाण्याचा हिशेब एकदा मांडून बघा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमच्या तीन गच्च्या मिळून ८०० चौरस मीटर धरल्या आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर नुसत्या गच्च्यांवरून ४०,००० लिटर पाणी खाली येतं. म्हणजे १०,००० लिटरचे चार टँकर तासाभरात तुमच्या अंगणात रिकामे झाले. मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील एवढीच होती, तेही समुद्राला ओहोटी आहे असं गृहीत धरून. पुढं ब्रिमस्टोवॅड या महापालिकेच्या गटार-सुधारणा प्रकल्पात ही क्षमता ५० पर्यंत न्यायचं ठरलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस तर कुणी विसरलेलं नाही. पण तुमच्या जिन्याला तसला दिवस लागतच नाही. जुलैतली साधी जोरदार सर आणि तेव्हाच आलेली भरती पुरते.

कारण तुमचं मुलुंड पूर्व. पश्चिमेला उतार आहे, डोंगर आहे. तुमच्याकडे मिठागरं, कांदळवन आणि पुढं ठाण्याची खाडी. अनुराधा माथुर आणि दिलीप द कुन्हा या आमच्याच क्षेत्रातल्या जोडीनं २००९ मध्ये इथल्याच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात एक मोठं प्रदर्शन मांडलं होतं. त्यांचा मुद्दा मला आजही पटतो: मुंबई ही खाडीमुखावरची जागा आहे, इथं जमीन आणि पाणी यांच्यामध्ये नकाशावर काढलेली रेघ पावसाळ्यात टिकत नाही. पाण्याला हाकलण्यापेक्षा त्याला जागा द्यायची. तुमच्या अंगणात हा विचार आणला की प्रश्नच बदलतो: पाण्याला जिन्यापाशी न थांबवता कुठं थांबवता येईल?

आता नर्सरीवाल्याचं चित्र याच नजरेनं बघा. लॉन करायची तर लाल माती आणि शेणखत टाकावं लागतं. म्हणजे मागच्या जागेची लेव्हल चार-सहा इंच वर आली. वाटेखाली तो काँक्रीटचा थर टाकणार आणि त्यावर पेव्हर ब्लॉक बसवणार, म्हणजे तिथंही पाणी मुरणार नाही. आज जे पाणी मागं थोडंफार पसरतं, ते उद्या सगळं जिन्याकडे येईल. ‘तो ड्रेनेजचा विषय’ असं म्हणणाऱ्यानं तुमची जागा पाहिलेलीच नाही, असं मी स्पष्ट म्हणेन. आणि लॉनला उन्हाळ्यात रोज दर चौरस मीटरला चार-पाच लिटर पाणी लागतं. ३०० चौरस मीटर लॉन म्हणजे रोजचे १,२०० ते १,५०० लिटर, तेही पाणीकपातीच्या दिवसांत. टँकर मागवून गवत जगवायची वेळ आली की पहिली ओरड त्याच कमिटीतून होईल.

पावसाळा जाऊ द्या, असं ती का म्हणते, हे रविवारी बोलण्याआधी तुम्ही स्वतः करून बघू शकता. माळ्याला सांगून मागच्या जागेत, झाडापासून लांब, दोन फूट खोल आणि फूटभर रुंद खड्डा घ्यायला लावा. निघालेली माती हातात घ्या. तांबूस, विटांचे तुकडे आणि खडी असलेली असेल तर तो बांधकामाच्या वेळचा भराव. करडी-काळी, चिकट आणि कुजकट वास येणारी असेल तर तिथं पाणी महिनोन्‌महिने अडून राहतं. खड्डा पाण्यानं भरा, रात्रभर जिरू द्या. सकाळी परत भरा, आत एक पट्टी उभी करा आणि दर तासाला किती उतरलं ते लिहून ठेवा. तासाला अर्धा इंचही उतरलं नाही, तर नुसता शोषखड्डा करून भागणार नाही. आता उतरलं तरी निकाल अर्धाच लागला. खाडीजवळच्या सखल जमिनीत पावसाळ्यात भूजल इतकं वर येतं की मे महिन्यात घटाघटा पाणी पिणारा खड्डा जुलैत आधीच भरलेला असतो. म्हणून जुलैत तीच चाचणी परत करायची. ही गोष्ट कोणत्याही कार्यालयात बसून कळत नाही. त्या मुलीला एक पाऊस हवा आहे तो यासाठी.

जुलैतला निकाल वाईट आला तरी मार्ग असतो. गच्चीचे पावसाच्या पाण्याचे पाइप थेट चेंबरला जोडण्याऐवजी मागच्या बाजूच्या सहा इंच खोल, पसरट खोलगट भागात सोडायचे, त्यात रेती मिसळलेली माती घालायची आणि जादा पाण्याला एक ठरलेली वाट ठेवायची. याला रेन गार्डन म्हणतात. नाव नवं आहे, पण कोकणातल्या घरांत न्हाणीघराचं पाणी पाटानं अळू, कर्दळ आणि केळीकडे सोडतात, तो विचार हाच. सभेत डासांचा प्रश्न नक्की येईल. उत्तर असं: नीट केलेला खोलगट भाग एक-दोन दिवसांत कोरडा होतो, आणि डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. दोन दिवसांत पाणी ओसरत नसेल तर ते काम चुकलेलं आहे आणि ते दुरुस्त करून द्यायची जबाबदारी डिझाइनरची, हे करारात लिहून घ्या. लावायला वाळा उत्तम, मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात. बरोबर कर्दळ, अळू, स्पायडर लिली.

रेन ट्रीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तो गेला तर परत येणार नाही. हा मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, विलायती शिरीष. देशी झाडांचा आग्रह धरणारं कुणी सभेत म्हणेल की परदेशी झाड आहे, काढलं तर काय बिघडतं. मी स्वतः नवीन लावताना देशीच निवडते, पण उभं असलेलं मोठं झाड त्या कारणानं तोडणं मला मान्य नाही. इतक्या वर्षांची सावली विकत मिळत नाही. शिवाय कायदा आहे. १९७५च्या महाराष्ट्राच्या झाडांविषयीच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि ते तुमच्या कंपाऊंडमध्ये असलं तरी. फांद्या छाटायच्या तरी महापालिकेच्या उद्यान खात्याला अर्ज करा. नर्सरीवाल्यानं ‘काढावा लागेल’ असं सहज म्हटलं, पण गुन्हा सोसायटीवरही दाखल होऊ शकतो, हे चेअरमन काकांच्या कानावर घाला.

मात्र झाड निरोगी आहे का ते तपासून घ्या. गेल्या काही वर्षांत मुंबईत बरेच रेन ट्री पिठ्या ढेकणानं वाळले. कोवळ्या फांद्यांवर कापसासारखा पांढरा थर दिसतो का, भर पावसाळ्यात पानं गळतात का, हे बघायला सांगा. आणि खोडापाशी जाऊन खाली बघा. बहुतेक जुन्या सोसायट्यांत सिमेंट थेट खोडाला भिडलेलं असतं, इतकं की खोड फुगून त्याची कड सालीत रुतलेली असते. असं असेल तर ते फोडून निदान मीटरभर आळं मोकळं करायचं, छिन्नी-हातोड्यानं, हळूहळू. ब्रेकर लावायचा नाही, कारण झाडाला अन्न-पाणी देणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात. आळ्यात लाल मातीचा ढीग रचून खोड पुरायचंही नाही, खोड कुजतं. झाडाचाच पालापाचोळा तिथं अंथरा. रेन ट्री शेंगवर्गीय आहे, त्याच्या पानांचं खत चांगलं होतं. लॉनसाठी जी भर टाकणार होते ती याच मुळांवर पडली असती आणि झाड न तोडताही दोन-तीन वर्षांत मेलं असतं.

टाकीवरचा धबधबा सरळ नाकारा. ओल्या मातीचं वजन घनमीटरला १,६०० ते १,९०० किलो भरतं. फूटभर माती घातली तरी चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भार येतो, आणि लोकांची ये-जा असलेल्या साध्या गच्चीचा स्लॅबसुद्धा जास्तीच्या भारासाठी १५० किलो धरून केलेला असतो. तुमच्या टाकीच्या स्लॅबचा हिशेब कुणाकडे आहे? वर पाणी खेळवायचं, खाली प्यायचं पाणी, आणि मध्ये जुना स्लॅब. टाकीवर बाग होऊच शकत नाही असं नाही. मलबार हिलचं हँगिंग गार्डन १८८१च्या सुमारास पाण्याच्या मोठ्या साठ्यावरच उभं राहिलं. तिथल्या छाटलेल्या कुंपणांकडे आणि हिरवळीकडे त्या नजरेनं पुन्हा बघा: खाली स्लॅब असला की मातीचा थर पातळ ठेवावा लागतो, आणि रोपं त्या हिशेबानं निवडावी लागतात. तुमच्या टाकीवर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून फार तर हलक्या कुंड्या ठेवा.

आता तुम्ही पत्रात न विचारलेली गोष्ट. ती मुलगी कट्ट्यावर बसून काय लिहीत असेल? साडेपाचला ज्येष्ठ मंडळी कुठल्या कोपऱ्यात बसतात आणि तिथंच का. मुलं क्रिकेट खेळतात तेव्हा चेंडू कुठं जातो. दूधवाला आणि कामवाल्या मावश्या गेटपासून जिन्यापर्यंत ज्या तिरक्या वाटेनं जातात ती कोणती. पेव्हर ब्लॉकची वाट कितीही वळणदार केली तरी लोक त्याच तिरक्या रेषेत चालतील आणि रोपं तुडवतील. आमच्या कामातली कल्पकता इथून सुरू होते. मे महिन्यात पाच वाजता सावली कुठं पडते ते माहीत असलं की बाक कुठं हे ठरतं. कचऱ्याचे डबे वळणावरून दिसू नयेत, पण गाडीला जवळ असावेत, यासाठी एक झुडपांची रांग तिरकी करावी लागते. बकुळ खिडकीजवळ लावली तर फुलांचा वास घरात येतो. सप्तपर्णी लावली तर पावसाळ्यानंतर फुलते तेव्हा अर्धी विंग वासानं डोकं धरून बसते. चाफा, पारिजातक, ताम्हण वर्षाच्या वेगवेगळ्या वेळी फुलतात. त्यांची मांडणी करताना बारा महिन्यांचा क्रम डोळ्यांपुढं ठेवावा लागतो. चित्रात हे काहीच येत नाही. नर्सरीवाल्याला एकच विचारा: हे चित्र कधीचं? लावल्या दिवशीचं, पाच वर्षांनंतरचं, की भर मे महिन्यातलं?

झाडांची नावं तुम्हाला हवीच असतील, म्हणून थोडी सांगते. तुमच्या सखल, खाडीलगतच्या जमिनीत उंडी, करंज, पारस भेंडी तग धरतात. ताम्हणाला ओल चालते. बहावा सगळ्यांना हवा असतो, पण त्याच्या मुळाशी पाणी तुंबलेलं त्याला सोसत नाही. तो पुढच्या, उंच बाजूला. कंपाऊंडच्या कडेला लिंबू आणि कढीपत्ता लावा, फुलपाखरं त्यावर अंडी घालतात. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर आपलं राज्य फुलपाखरू, नीलवंतही येतं. पानं कुरतडलेली दिसली की लगेच औषध फवारू नका, एवढं माळ्याला सांगा. पण हे सगळं जुलैची चाचणी झाल्यावर.

ती कुठं कमी पडली ते आता. महिनाभर काम केलं, पण तुम्हाला समजेल असं काही लिहून दिलं नाही. कमिटी लोकांच्या पैशाचा हिशेब देते, तिला कागद लागतो. तिच्याकडून मराठीत एक पान मागा: आत्तापर्यंत काय दिसलं, पावसाळ्यात काय मोजणार, कुठल्या महिन्यात काय हातात देणार, प्रत्येक टप्प्याची फी किती. तिनं किंवा तिच्या गुरूनं तीन वर्षांपूर्वी केलेलं एखादं काम बघायला जा. नवीन केलेलं नको, उद्घाटनाच्या आठवड्यात सगळंच छान दिसतं. मुंबईत जायला सोपी आणि शिकवणारी एक जागा म्हणजे धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान. मिठी नदीकाठी ३७ एकरांचा कचऱ्याचा डेपो होता. १९८०च्या दशकात लागवड सुरू झाली, १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. चेअरमन काकांना तिथं घेऊन जा आणि पायाखाली काय होतं ते सांगा. वाद घालण्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

काकांना दुखवू नका. त्यांना सोसायटी सुंदर व्हायला हवी आहे, आणि ती इच्छा चांगली आहे. पावसाआधी काहीतरी दिसायला हवं, हा त्यांचा आग्रहही समजून घ्या. आळं मोकळं करणं, गच्चीचे पाइप आणि गटारं साफ करणं, कट्टा दुरुस्त करून रंगवणं, ही कामं आत्ताच हाती घेता येतात आणि डोळ्यांना दिसतात. पाऊस स्थिरावला की सहा-आठ रोपं लावा, जिथं पाण्याचा प्रश्नच नाही अशा पुढच्या बाजूला. बाकीचं दसऱ्यानंतर.

रविवारच्या ठरावात तीन गोष्टी येऊ द्या. रेन ट्री राहील. सप्टेंबरपर्यंत पाहणी, तिची ठरलेली फी, आणि त्यानंतर महिनाभरात आराखडा. आणि एकूण रकमेचा एक भाग पुढच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी बाजूला ठेवायचा; त्यातून नवीन झाडांना तीन उन्हाळे पाणी मिळेल आणि माळ्याला आज मिळतात त्यापेक्षा जास्त तास देता येतील. माळीकाकांना सभेला बोलवा. दर जुलैत पाणी आधी कुठं चढतं आणि शेवटी कुठून उतरतं, हे तिथं बसलेल्या कुणाहीपेक्षा त्यांना जास्त माहीत असेल.